वारीचा एक दिवस, दोघांनी मिळून: ठाण्याहून निघून दिवेघाट चढून सासवडपर्यंत

आळंदी ते पंढरपूर सगळी वारी चालायची तर अडीच-तीन आठवडे हाताशी हवेत. नोकरी, मुलांच्या शाळा आणि घरात एखादं आजारी माणूस असलेल्या ठाणेकरांना ते जमत नाही. म्हणून एकच दिवस चालू, तोही दोघं मिळून, असं ठरवणारी जोडपी आमच्या वर्तकनगरात दर जूनमध्ये भेटतात. मग प्रश्न सुरू होतात. कुठला दिवस? कुठून सामील व्हायचं? गुडघ्यांचं काय? आणि बायका दबक्या आवाजात विचारतात तो प्रश्न: वाटेत सोय असते का गं?

मी आणि नवरा हा टप्पा चाललो आहोत. विचारणाऱ्याला मी आधी एकच सांगते. जोडीने जा, पण हात धरून जोडीने चालायचा हट्ट घरी ठेवून जा. वारीतली गर्दी नवरा-बायको ओळखत नाही. दिंडीची रचनाच अशी असते की पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, वीणेकरी आणि त्यांच्या मागे तुळस आणि पाण्याचा हंडा डोक्यावर घेतलेल्या बायका. नवरा टाळकऱ्यांच्या मागे रेंगाळला आणि बायको तुळशीवाल्यांबरोबर चालू लागली की पाच मिनिटांत मध्ये पन्नास माणसं येतात. पुढची सगळी तयारी हे धरूनच करायची.

आधी दिवस ठरवा

माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते. नवमीला पुण्यात येते, दशमीला तिथेच असते आणि त्यानंतर सासवडची वाट धरते. हा सासवडचा दिवस बहुतेक वेळा योगिनी एकादशीला किंवा तिच्या आसपास येतो. २०२४ मध्ये तो २ जुलैला, मंगळवारी होता. २०२५ मध्ये २२ जूनला आला आणि नेमका रविवार होता. तेव्हा आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिथी बघा, मग आळंदी संस्थानाचं वेळापत्रक जाहीर झालं की ताडून घ्या आणि मगच रजा टाका. अधिक महिना असलेल्या वर्षी सगळं पुढे सरकतं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे वारी थेट जुलैत.

पुणे ते सासवड हा टप्पा ३० किलोमीटरच्या वर जातो, शिवाय मध्ये दिवेघाट. दिवसभरात १० किलोमीटरही चालायची सवय नसेल, तर हट्टाने इथे येऊ नका. त्यापेक्षा सासवड ते जेजुरी घ्या. साधारण १६ किलोमीटरची ती वाट घाटापेक्षा पुष्कळ सोपी आहे आणि जेजुरीत पालखीवर भंडारा उधळतात तेव्हा तुम्हीही पिवळे होऊन घरी येता. त्या वाटेला कमी लेखणारे लोक आहेत, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. तरीही दिवेघाटच डोक्यात असेल तर पुढे वाचा.

ठाण्यात सहा आठवडे

सराव बागेतल्या गोल ट्रॅकवर करू नका. पालखीचा रस्ता डांबराचा आणि काँक्रीटचा आहे. पायांना त्याच कडकपणाची सवय हवी. कापूरबावडीहून घोडबंदर रस्त्याच्या सर्व्हिस रोडने गायमुखाच्या दिशेने चाला. धूळ आहे, मेट्रोची कामं आहेत, हॉर्न आहेत. त्या सगळ्यात चालायचाही सरावच होतो. पहिल्या शनिवारी ६ किलोमीटर, मग ८, १०, १३ असं वाढवत पाचव्या आठवड्यात एकदा १८ ते २० करा. शेवटचा आठवडा हलका ठेवा. मधल्या दोन आठवड्यांत शनिवार-रविवार लागोपाठ चालून बघा, म्हणजे दुखऱ्या पायाने चालणं काय असतं ते कळतं.

घाटासाठी येऊर. उपवनच्या बाजूने वर जा आणि येऊर गावापर्यंतचा चढ न थांबता, बोलता येईल एवढ्या चालीने चढा. बोलताना धाप लागली तर चाल जास्त आहे. हा भाग राष्ट्रीय उद्यानाचा आहे, बिबट्यांचा आहे. उजाडल्यावर जा आणि वेळेत खाली या.

मे महिन्यात ठाण्यात घाम कसा निथळतो ते सांगायला नको. सकाळी सहाला बाहेर पडलात तरी साडेसातपर्यंत शर्ट पिळता येतो. या सरावातच प्रत्येकाला किती पाणी लागतं ते कळेल. आमच्याकडे नवऱ्याला माझ्या दीडपट लागतं, म्हणून त्याची बाटली मोठी.

सराव दोघांनी मिळून करा, पण प्रत्येकाने आपापल्या चालीने. जो पुढे जातो त्याने ठरलेल्या नाक्यावर थांबायचं आणि मागचा आल्यावर “किती वेळ लावलास” हे तीन शब्द गिळायचे. वारीच्या दिवशी हीच सवय उपयोगी पडते.

रक्तदाब, साखर, हृदयाचा त्रास किंवा दम्याची औषधं चालू असतील तर सरावाच्या आधी डॉक्टरांना विचारा. बूट घेतल्यावर विचारायला गेलात तर उत्तर ऐकायची तयारी राहत नाही.

पायात काय

नवे बूट नकोत. वारीसाठी म्हणून आदल्या आठवड्यात घेतलेले बूट हे त्या दिवसाचं सगळ्यात मोठं दुखणं ठरतं. घ्यायचेच असतील तर सरावाच्या पहिल्या आठवड्यात घ्या आणि अर्धा नंबर मोठे घ्या, कारण दिवसभर चालून पाय सुजतो. पावसात बूट भिजले की संध्याकाळपर्यंत वाळत नाहीत. म्हणून मी मागे पट्टा असलेल्या जुन्या सँडलांच्या बाजूची आहे. नवरा बूटवाला आहे आणि मोज्यांचे दोन जादा जोड बाळगतो. दोन्ही चालतं, फक्त सरावात जे घातलं तेच घाला.

निघायच्या दिवशी सकाळी टाचेला आणि करंगळीला कागदी सर्जिकल टेप लावा. फोड आल्यावर लावायची वाट बघू नका. बोटांच्या बेचक्यात व्हॅसलीन किंवा खोबरेल. मांड्यांच्या आतल्या बाजूलाही लावा. हे कुणी सांगत नाही आणि पंधराव्या किलोमीटरला प्रत्येकाला आठवतं. बायकांनी सलवारीखाली गुडघ्यापर्यंतची सायकलिंग शॉर्ट घातली तर घासण्याचा त्रास होत नाही. फोड आलाच तर फोडू नका, वर टेप लावून चाला. तो आपोआप फुटला तर स्वच्छ पाण्याने धुवा आणि कोरडं करून झाका.

दोन पिशव्या

एकच मोठी सॅक नवऱ्याच्या पाठीवर आणि बायको मोकळी, हे दिसायला प्रेमाचं दिसतं. हडपसरला चुकामूक झाली की बायकोकडे पाणी नाही, पैसे नाहीत, गोळ्या नाहीत. प्रत्येकाची पिशवी वेगळी आणि प्रत्येक पिशवी पूर्ण, हा नियम मोडू नका.

पिशवीत लिटरभर पाणी, ओआरएसची दोन पाकिटं, केळी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणे, स्टीलचा पेला, पातळ टॉवेल, टेप आणि कात्री, रोजची औषधं, पॉवर बँक, पाऊस झेलणारं पोंचो. छत्री नको, गर्दीत तिची काडी दुसऱ्याच्या डोळ्याशी येते. मोबाइल ठेवायला झिपवाली प्लॅस्टिकची पिशवी. बायकांनी पाळीची तारीख जवळ असो-नसो, पॅड ठेवावेत. दगदगीत तारखा पुढेमागे होतात.

पैसे रोख घ्या, दहा-वीसच्या नोटांत. एवढ्या माणसांत नेटवर्क दगा देतं, मग स्कॅन करून पैसे कसे देणार? त्याच कारणाने फोनवर भिस्त ठेवू नका. खिशात एक चिठ्ठी असू द्या: स्वतःचं नाव, रक्तगट, चालू औषधं, जोडीदाराचा नंबर आणि ठाण्यात घरी असलेल्या कुणाचातरी नंबर. हा घरचा नंबर फार कामाचा. दोघांचे फोन एकमेकांना लागत नाहीत, पण घरी एकदा लागून जातो. निरोप तिथे ठेवायचा.

एकादशी आली तर उपास करायचा का? सवय असेल तर करा. साबुदाण्याची खिचडी आणि केळी वाटेवर जागोजागी मिळतात. पण घामातून मीठ जातं आणि नुसतं गोड खाऊन ते भरत नाही. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पीत राहा. ओआरएस संपलं तर लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. मधुमेह असेल तर त्या दिवशी उपास नको, या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

आदल्या दिवशी पुणं गाठा

पहाटे ठाण्याहून निघून चालायला लागू, असं ज्यांना वाटतं त्यांनी पुण्यातले त्या दिवसाचे बंद रस्ते बघितलेले नाहीत. आदल्या दिवशी दुपारी निघा. वंदनाच्या स्टँडवरून एसटी घ्या किंवा ठाणे स्टेशनवरून गाडी. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दोघांचा प्रवास दीड तिकिटात होतो. मुक्कामाची खोली दोन रात्रींची घ्या. का, ते शेवटी सांगते.

सामील कुठे व्हायचं, यावर दोन मतं आहेत. पालखी पुण्यात भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात असते आणि पहाटे तिथून हलते. तिथूनच निघायची हौस असेल तर जरूर निघा, पण मग दिवसाचे ३० किलोमीटर पुरे होतात. पहिल्या खेपेला मी हडपसरहून सामील व्हायला सांगते. खोलीही त्याच बाजूला घ्या. तिथून सासवड २२-२३ किलोमीटर उरतं आणि पाय ताजे असताना घाट समोर येतो.

हडपसरला एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तुकोबांची पालखी पुण्यात नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात असते आणि त्याच दिवशी निघते. हडपसरपर्यंत दोन्ही पालख्यांची वाट एकच. गाडीतळापाशी फुटते. तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला जाते, माउलींची उजवीकडे वळून सासवडला. टाळ तेच, पताका त्याच, “ज्ञानोबा माउली तुकाराम” तेच. नवरा एका दिंडीमागे आणि बायको दुसरीमागे गेली तर संध्याकाळी दोघं दोन गावांत. गाडीतळाचं वळण दोघांनी एकमेकांच्या नजरेत राहूनच पार करा. सगळ्या दिवसात जोडीने चालायचा हट्ट धरावा अशी ही एकच जागा.

भेटीच्या जागा

निघण्याआधी तीन जागा ठरवा: वडकी, झेंडेवाडी, सासवडचं एसटी स्टँड. पहिला पोचला त्याने अर्धा तास थांबायचं, नाही आला दुसरा तर पुढच्या जागेकडे निघायचं. मागे शोधायला यायचं नाही. प्रवाहाच्या उलट चालणारा माणूस स्वतःही दमतो आणि हजार जणांना अडथळा होतो. पालखी तळ ही भेटीची जागा ठेवू नका, तिथे मुंगी शिरायला वाव नसतो.

वडकीला एकदा मी अर्ध्या तासाच्या वर उभी होते. शेजारी मराठवाड्यातल्या एक आजी बसल्या होत्या, जुन्या लुगड्याच्या चिंध्या तेलात बुडवून पायाच्या एकेका बोटाला गुंडाळत. बोटं काळी, नखं जाड, पण एकही फोड नाही. माझी मान रस्त्याकडे वळवळताना बघून म्हणाल्या, “नवरा हुडकायलीस व्हय? कुठं जातोय त्यो. सासवडात घावतंय समदं.” आणि उरलेली चिंधी माझ्या हातात दिली.

चालताना

मोकळे चालणारे वेगळे आणि दिंडीवाले वेगळे. रथाच्या पुढे २७ दिंड्या असतात, बाकीच्या मागे, सगळ्यांना क्रमांक. दिंडीच्या ओळीतून आडवं जाऊ नका, टाळकऱ्यांच्या मध्ये घुसू नका. कडेने चाला. एखाद्या दिंडीत थोडा वेळ चालावंसं वाटलं तर वीणेकऱ्यांना किंवा दिंडीतल्या जाणत्या माणसाला नमस्कार करून विचारा, सहसा नाही म्हणत नाहीत. जेवणाच्या पंगतीत मात्र न विचारता बसू नये. दिंडीकरी भिशी, म्हणजे जेवणाखर्चाची वर्गणी, भरून आलेले असतात, स्वयंपाक मोजून केलेला असतो. वाटेवर गावकऱ्यांनी आणि मंडळांनी मांडलेलं खाणं सगळ्यांसाठी असतं. तेही पोटापुरतं घ्या. पिशवीतला स्टीलचा पेला चहाला पुढे करा, रस्त्याच्या कडेला आधीच पुरेसे कागदी कप पडलेले असतात.

कुणी पाया पडलं तर बुजू नका, तुम्हीही वाका. वय, जात, पगार बघायची ती जागा नव्हे. हाक मारायला सगळ्यांना एकच शब्द, माउली. नवऱ्याला गर्दीत हाक मारायची असेल तर मात्र नावानेच मारा. “अहो” म्हटलं की चाळीस जण वळतात आणि “माउली” म्हटलं की सगळेच.

आता सोयीबद्दल. २०१५ पासून निर्मलवारीच्या उपक्रमात मुक्कामांवर फिरती शौचालयं उभी राहतात, परिस्थिती पूर्वीपेक्षा कितीतरी बरी आहे. पण रांग असते आणि दुपारनंतर पाणी संपतं. मिळेल तिथे जाऊन घ्या, लागेल तेव्हा जाऊ म्हणू नका. जावं लागेल म्हणून पाणी कमी पिणाऱ्या बायकाच घाटात चक्कर येऊन बसतात.

वडकीला ठरवा

हडपसर सोडलं की फुरसुंगी, उरुळी देवाची आणि मग वडकी. रस्ता सपाट, ऊन असलं तर कंटाळवाणा. दुपारच्या विसाव्याला पालखी वडकीला टेकते. इथे बूट काढा, मोजे बदला, दहा मिनिटं पाय उंचावर टेकवून आडवे व्हा, खा आणि एकमेकांकडे नीट बघून ठरवा की पुढे जायचं का. घाट त्या दिवशी वाहनांना बंद असतो. वडकीहून मागे फिरता येतं, घाटात मध्येच थांबलात तर पुढे किंवा मागे चालण्यावाचून दुसरा उपाय नाही. दोघांपैकी एकाने “माझं बस झालं” म्हटलं की दुसऱ्याने वाद घालायचा नाही, हे ठाण्यात असतानाच कबूल करून घ्या. भरल्या रस्त्यावर कुणी धड भांडूही शकत नाही.

दिवेघाट

चढ साधारण ४ किलोमीटरचा. येऊर चढलेल्या पायांना तो जड नाही, जड असते ती गर्दी. रथाला घाटात जादा बैलजोड्या जुंपतात आणि ते दृश्य बघायला डोंगरउतारावर माणसं चिकटलेली असतात. पावसाने भिजलेल्या त्या मुरमावर चढू नका. बैलांच्या पुढे-मागे घोटाळू नका, रथाजवळची रेटारेटी ही फोटोत छान दिसणारी आणि प्रत्यक्षात बरगड्या मोडणारी गोष्ट आहे. रथाच्या तासभर आधी तरी चढायला लागा किंवा रथ वर गेल्यावर सावकाश निघा. आम्ही आधी चढतो. मग वरच्या वळणावरून खाली बघितलं की मस्तानी तलाव दिसतो आणि त्याच्या वरच्या अंगाला वळणावळणाने पताकांची रांग. खालच्या दिंडीचा टाळ आणि वरच्या दिंडीचा टाळ अर्ध्या ठेक्याच्या फरकाने कानावर येतात. तिथे पाच मिनिटं कठड्यापासून दोन हात लांब उभे राहा.

छातीत दुखलं, डावा हात भरून आला, घाम थांबून अंग तापलं तर “थोडं चालून बघतो” नाही. बसायचं, शेजारच्यांना सांगायचं, १०८ ला फोन करायचा. फोन लागला नाही तर पोलिसांना किंवा जवळच्या वैद्यकीय पथकाला गाठायचं.

माथ्यावर झेंडेवाडीला पुन्हा विसावा. तिथून सासवडपर्यंतचे सात-आठ किलोमीटर कागदावर सोपे आहेत आणि पायांना सगळ्यात लांब वाटतात. बोलणं आपोआप बंद होतं. हरिपाठाचे अभंग येत असतील तर म्हणत चाला, श्वास लयीत राहतो. येत नसतील तर पुढची दिंडी म्हणत असतेच, तिच्या मागे लागा.

सासवडात पोचल्यावर

एसटी स्टँडवर भेटा आणि आधी बसा. उभं राहायची ताकद असेल तर तळावरची समाज आरती बघा. चोपदाराने चोप, म्हणजे हातातला दंड, उंचावला की सगळे टाळ एकदम थांबतात. एखादी दिंडी वाजवतच राहिली तर तिची काही तक्रार आहे असा अर्थ, आणि ती तिथेच ऐकून घेतली जाते. सोपानकाकांची समाधी सासवडातच आहे. माउलींच्या धाकट्या भावाची ही समाधी तुम्ही दमलात म्हणून चुकवू नये, पण रात्री रांग फार असेल तर कळसाला हात जोडून निघा.

राहायचा विचार करू नका. शाळा, मंगल कार्यालयं, ओटे, सगळं दिंड्यांनी भरलेलं असतं, पालखीचा इथे दोन रात्रींचा मुक्काम. म्हणून पुण्यातली खोली दोन रात्रींची घ्या असं म्हटलं. दिवेघाट बंद असल्याने परतीच्या गाड्या बोपदेव घाटाने कोंढव्याकडे उतरतात. गाडी कुठून सुटते ते पोलिसाला विचारा, रस्त्याने जाणाऱ्यांना विचारलंत तर तीन दिशा सांगतील.

खोलीवर पोचलात की गार पाण्याने पाय धुवा, पुसून कोरडे करा, बोटांच्या बेचक्या तपासा. फुटलेला फोड घाण पाण्यात भिजला असेल तर दुसऱ्या दिवशी ठाण्यात आल्यावर डॉक्टरांना दाखवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवून सांगा. एखादं नख काळं पडेल. ते काही आठवड्यांनी गळतं आणि नवं येतं, उपटू नका. परतीच्या दिवसानंतरचा एक दिवसही रजेत धरा, कारण ठाणे स्टेशनचा जिना उतरताना मांड्या काय म्हणतात ते दुसऱ्या दिवशीच कळतं. चढायला काही वाटत नाही, उतरताना कठडा धरावा लागतो, दोघांनाही.